वरातीला अल्बम नसतो

आपल्या भागातलं आवडतं संगीत सांगा असं कुणी म्हटलं, की मी अल्बमांची नावं घेते आणि मामा माणसांची. मी पुण्यात नोकरी करते आणि हातात उरलेले पैसे जुन्या एलपी-कॅसेटींवर घालवते. मामा नेपानगरच्या मिलमध्ये पेपर मशीनवर होते, आता निवृत्त आहेत. नोकरीच्या काळात लग्नसराई आली की ते बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचे. आमचा हा वाद जुना आहे. गेल्या खेपेला तो दोन संध्याकाळी चालला आणि पहिल्यांदाच दोघांनीही आपलं म्हणणं शेवटपर्यंत नेलं, म्हणून लिहून ठेवते आहे.

मध्य प्रदेशातलं नेपानगर हे मुळात कागदासाठी वसवलेलं गाव. देशात वर्तमानपत्राचा कागद तयार होत नव्हता, सगळा बाहेरून यायचा, त्या काळात 1947 साली इथं कंपनी उभी राहिली आणि 1956 मध्ये पंडित नेहरूंनी मिल देशाला अर्पण केली. सातपुड्यातला सलई आणि बांबू, जवळून जाणारा खंडवा–भुसावळ रेल्वेमार्ग आणि कामाला आलेली देशभरची माणसं. मराठी घरं बहुतेक खान्देशातली: भुसावळ, रावेर, यावल. शेजारी मल्याळी, पलीकडं बंगाली, त्यापलीकडं उत्तर प्रदेशातले. रानाच्या कडेला बारेला आणि कोरकू पाडे. अशा ठिकाणी 'इथलं संगीत' कशाला म्हणायचं, हा प्रश्न सोपा नाही आणि आमचं भांडण सुरू होतं तेही इथूनच.

मी सुरुवात कुमार गंधर्वांपासून करते. मामांची पहिली हरकत भूगोलाची. "देवास इकडं कुठलं? ते माळव्यात. आपण निमाडचे."

"मामा, पण मध्य प्रदेशातल्या मराठी घरात एकच एलपी असेल तर ती कुमारांची निघते. आणि ते स्वतः तरी माळव्याचे कुठं होते? बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्म, 1924 सालचा. मुंबईत नाव झालं, मग क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी 1948 च्या सुरुवातीला देवासला आले. काही वर्षं गाणं बंद. त्या अंथरुणावर त्यांच्या कानावर काय पडलं, तर रस्त्याने जाणाऱ्या बायकांची गाणी आणि दारावर येणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजनं. बरे झाल्यावर त्यांनी त्या लोकधुना गोळा केल्या, त्यांतून राग काढले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी. धुनउगम राग म्हणतात त्यांना. निर्गुणी भजनांचा तो सूर तिथूनच आला."

"ऐकलंय. मोठा माणूस, त्यात वाद नाही." मामा थोडे थांबले. "त्या रस्त्याने जाणाऱ्या बायकांची नावं कुठल्या एलपीवर आहेत?"

"नाहीत."

"मग ती एलपी कुमारांची. माळव्याची कशी?"

याला माझं उत्तर आहे आणि ते मी मनापासून देते. कुमारांनी त्या धुना उचलून सजवल्या एवढंच नाही. 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' हे त्यांचे कार्यक्रम बघा. ऋतू, शेत, सण आणि त्या त्या वेळचं गाणं यांची सांगड घालून त्यांनी ते मांडलं. शहरातल्या श्रोत्याला पहिल्यांदा कळलं की खेड्यातली बाई चार स्वरांत गाते ते तिला पाचवा येत नाही म्हणून नव्हे, चारांत तिचं काम होतं म्हणून. ही जाण एलपीमुळे आली. कुमार 1992 च्या जानेवारीत गेले, पण ती भजनं माझ्यासारखीला आजही तशीच मिळतात. त्यांनी ऐकलं नसतं तर ते सगळं विरून गेलं असतं.

"विरून कशाला जाईल?" मामा म्हणाले. "बायका गात होत्या, गात राहिल्या असत्या. त्यांचं गाणं काही कुमारांच्या परवानगीने चाललं नव्हतं."

मग ते आत गेले आणि बेंजो घेऊन आले.

ज्यांनी जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. शास्त्रात याला बुलबुल तरंग म्हणतात. वरातीत कुणीही तसं म्हणत नाही. हातभर लांब लाकडी पेटी, वर तारा, आणि तारांवर आडव्या बसवलेल्या बटणांच्या पट्ट्या. डाव्या हाताने बटण दाबलं की पट्टी तारेवर टेकते आणि सूर ठरतो. उजव्या हातातली नखी तारेवर सतत घासत राहायची. टाइपरायटरसारखी दिसणारी ही बटणं खरोखर टाइपरायटरवरूनच आली आहेत. जपानमध्ये नागोया शहरात 1912 साली गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं, त्याचाच हा भारतीय अवतार. आपल्याकडच्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अँप्लिफायर जोडला आणि घरात वाजवायचं ते नाजूक वाद्य गाडीवर चढवलं. मामांच्या बेंजोची मधली बटणं झिजून गुळगुळीत झाली आहेत आणि कडेची अजून नवी दिसतात. कुठल्या पट्टीतली गाणी सगळ्यांत जास्त मागितली गेली, ते त्या झिजेवरून वाचता येतं.

"आता ऐक," म्हणाले आणि त्यांनी कुमारांच्या एका भजनाची चाल धरली. दोन ओळींनंतर हात थांबवला. "बघितलंस? होत नाही. कुमारांचं सगळं गाणं दोन सुरांच्या मधल्या जागेत आहे. माझ्याकडं मधली जागाच नाही. बटण दाबलं की सा, पुढचं दाबलं की रे. मींड घ्यायची तर तार कशी ओढू? मधे पट्टी आहे. म्हणून आम्ही नखी जोरात घासतो, सूर मरू देत नाही. एकेका सुराला धरून उभं करतो. वरातीत तेच लागतं. नाचणाऱ्याला मींड नको, ठोका पाहिजे."

मला वाटतं, वादातलं सगळ्यांत मोलाचं बोलणं हेच होतं. आपण आवडीनिवडीवर बोलतो तेव्हा वाद्याच्या घडणीचा विचार क्वचित करतो. बेंजोवर काय वाजू शकतं यावर अख्ख्या पट्ट्यातल्या वरातींची गाणी ठरली. खंडवा इथून हाकेच्या अंतरावर. किशोरकुमार तिथले, 4 ऑगस्ट 1929 चा जन्म, 1987 मध्ये मुंबईत गेले तरी अंत्यसंस्कार खंडव्यालाच झाले. त्यांच्यावर इथल्या माणसाचा जीव असणारच. पण मामा सांगतात, किशोरची सरळ चालीची गाणीच बेंजोवर घेता येतात. यॉडलिंग आलं की बेंजो गप्प बसतो आणि ते काम क्लॅरिनेटवाल्याकडं जातं. ज्या पार्टीत क्लॅरिनेट नाही, त्या पार्टीने किशोरची निम्मी गाणी सोडून द्यायची.

दुसऱ्या संध्याकाळी मी 'कंदिसा' लावला. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा हा अल्बम 2000 सालचा. माझ्या यादीत तो फार वर आहे आणि त्याला कारण 'मा रेवा' हे गाणं. नर्मदेच्या खोऱ्यातलं पारंपरिक गाणं आहे. बँडमधले राहुल राम कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणाच्या विषयात डॉक्टरेट करून आले आणि काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात राहिले. खोऱ्यात ऐकलेलं हे गाणं त्यांनी बँडकडं आणलं. बास गिटार, तबला, ड्रम आणि वर मोकळा गळा. मला हे गाणं ऐकताना निमाडचं ऊन लागतं.

मामांनी डोळे मिटून ऐकलं, पूर्ण ऐकलं. "चांगलं आहे," म्हणाले. "तबला फार चांगला आहे." तो तबला असीम चक्रवर्ती यांचा, 2009 मध्ये ते गेले, हे मी सांगितलं. मामांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "पण ही रेवा. सातपुड्याच्या पलीकडची. आपण तापीचे. तापीचा अल्बम कुठाय?"

"नसेल कुणी केला."

"का नाही केला? तापीच्या काठी बायका गात नाहीत? मुक्ताईची पालखी निघते पंढरपूरला, बऱ्हाणपूरकडचे वारकरी जातात तिच्यात, ते रस्ताभर मुकेच चालतात का? पण तापीवर आंदोलन झालं नाही, दिल्लीचं कुणी येऊन राहिलं नाही. जिथं बाहेरचा माणूस पोचतो तिथलंच गाणं अल्बमवर जातं. तुझी यादी गाण्यांची नाही, पोरी, कोण कुठं पोचलं त्याची आहे."

मी त्यांना सांगितलं की याच अल्बमवर 'कंदिसा' हे नाव ज्या गाण्याचं, ती केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुन्या अरमाईक भाषेतली प्रार्थना आहे. तुमच्या मिलच्या कॉलनीत मल्याळी आणि निमाडी दारं समोरासमोर होती, तशी ही दोन गाणी एका अल्बमवर आली. कुणीतरी बाहेरचं असल्याशिवाय हे होत नाही. स्थानिक माणूस आपल्या गल्लीतलं गाणं गातो. दोन गल्ल्या एकत्र आणायला तिसरा लागतो. हे मामांना पटलं असं नाही, पण त्यांना त्यांचा मशीनवरचा कोट्टयमचा जोडीदार आठवला आणि तो नाताळात काय गायचा ते गुणगुणून झालं.

मग मामा हरसूदवर आले. माझ्याकडं त्याला पुरेसं उत्तर नव्हतं, आजही नाही.

हरसूद हे खंडवा जिल्ह्यातलं जुनं बाजाराचं गाव. 1989 च्या सप्टेंबरात मोठ्या धरणांच्या विरोधात देशभरातून लोक जमले होते ते इथंच. पुढं इंदिरा सागर धरण झालं आणि 2004 च्या जूनअखेरीपर्यंत गाव रिकामं करायला लावलं. लोकांनी आपली घरं आपल्या हातांनी पाडली, विटा-दारं-चौकटी गाड्यांत भरून नेल्या. छनेराजवळ नवं हरसूद वसवलं, पण सगळे काही तिथं गेले नाहीत.

"हरसूदला मी वाजवलंय," मामा म्हणाले. "तिथल्या एका पार्टीचा बेंजोवाला आजारी पडला होता, सीझनभर मला बोलवायचे. त्यांच्यात एक क्लॅरिनेटवाला होता. हळदीच्या दिवशी बायका गाणं धरायच्या ना, त्यांच्या पट्टीत जाऊन हा मागून वाजवायचा. बायकांची पट्टी घरागणिक वेगळी. हा एकदा ऐकायचा आणि बरोबर तिथं. मी तसं कुणाला वाजवताना पाहिलं नाही पुन्हा. गाव उठलं, पार्टी मोडली. कुणी इंदूरला गेलं, कुणी इटारसीला. पार्टीला गिऱ्हाईक गावाचं असतं. गावच नाही तर सुपारी कोण देणार? आता सांग. तुझ्या अल्बमने गाणं वाचवलं. तो क्लॅरिनेटवाला कुठं वाचला?"

मी म्हटलं, अल्बमने माणूस वाचवावा ही अपेक्षा जास्तीची आहे. अल्बम ऐकवू शकतो एवढंच. आणि 'मा रेवा' ऐकल्यामुळे कितीतरी शहरी पोरांना नर्मदा हा विषय आहे हे पहिल्यांदा कळलं. पण हे बोलताना मला जाणवत होतं की मामा अल्बमवर आरोप करत नव्हते. ते माझ्या 'वाचलं' या शब्दप्रयोगाचा हिशेब मागत होते. गाणं आणि ते वाजवणाऱ्याचं कसब या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली टेपवर येते. बायकांची पट्टी ऐकून त्यात शिरण्याचं कसब टेपवर येत नाही. ते पुढच्या लग्नात, पुढच्या पोराला शेजारी उभं करूनच जातं.

वातावरण जड झालं होतं. मी विचारलं, "मामा, तुमची आवडती एखादी तरी कॅसेट असेलच की."

"आहे की. प्रल्हाद शिंदे."

"कुठली?"

"कुठलीही. त्यांची कॅसेट आली की आम्ही बऱ्हाणपूरला जाऊन घ्यायचो, रात्री ऐकायचो, सकाळी चाल उचललेली असायची. चार गाणी वरातीत गेली की कॅसेट चांगली. एखादंच गेलं तर पैसे वाया. आणि त्यांच्या कॅसेटवर पैसे वाया नाही गेले कधी. एकाच गळ्यात विठ्ठल आणि बाबासाहेब. आषाढीला वाजवा, 14 एप्रिलला वाजवा. तो आवाज भरलेला होता, त्याला माइकसुद्धा कमी पडायचा."

परीक्षणाची ही कसोटी मला फार आवडली. मी अल्बम ऐकते तो ध्वनिमुद्रण कसं आहे, गाण्यांचा क्रम कसा लावलाय, एक बाजू संपून दुसरी सुरू होताना काय होतं, हे बघत. मामा ऐकतात ते उद्या रस्त्यावर यातलं काय उभं राहील ते बघत. त्यांच्यासाठी कॅसेट हा कच्चा माल होता. आणि हा व्यवहार एकतर्फी नव्हता. एलपीच्या जमान्यात रेकॉर्ड काढणं दोन-चार मोठ्या कंपन्यांच्या हातात होतं. कॅसेट आली, मुद्रण स्वस्त झालं, आणि ऐंशीच्या दशकात लहान गावातल्या गायकालाही आपला आवाज विकता आला. भीमगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं यांचा बाजार त्याने उभा राहिला. त्या बाजारात काय खपतं हे वराती ठरवत होत्या. म्हणजे बेंजो पार्टी ही नुसती नक्कल करणारी नव्हती, तिच्या पसंतीवर पुढची कॅसेट निघायची. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "असं कुणी म्हणालं नव्हतं आजवर."

आता अल्बम उरला नाही आणि बेंजो पार्टीही आटली. अहिराणीत 'हाई झुमका वाली पोर' गाजलं ते यूट्यूबवर, एकटं. त्याला अल्बमची गरज पडली नाही. बारेला-भिलाला पोरांची टिमली गाणीही अशीच एकेक येतात. कीबोर्डवरचा तोच तोच वेगवान ठेका आणि वर बोलीतले शब्द, आणि होळीआधीच्या भगोरियाच्या दिवसांत प्रत्येक मोबाइलमधून तेच. मला ती गाणी आवडतात. त्यांत पहिल्यांदाच या बोलीचं पोरगं आपलं गाणं स्वतः ध्वनिमुद्रित करतंय, दिल्लीच्या बँडची किंवा देवासच्या पंडितांची वाट बघत नाही. 'त्या बायकांची नावं कुठं आहेत' या मामांच्या प्रश्नाला मला सापडलेलं हे सगळ्यांत बरं उत्तर आहे.

मामांचं म्हणणं: "गाणं चांगलं आहे, पण लग्नात ते पेन ड्राइव्हवरून वाजतं. गाडीवर स्पीकरच्या भिंती आणि एक पोरगा बटण दाबणारा. माझ्याकडंही बटणंच होती म्हण, पण मला समोरचा नाचतोय तो दमला का, नवऱ्याचा मामा रुसला का, रस्ता अरुंद आहे का, हे बघून चाल बदलावी लागायची. वरातीतलं गाणं तीन मिनिटांत संपत नाही, मुलीचं घर येईपर्यंत चालतं. घर लांब असलं की आम्ही तेच गाणं तीन वळणांनी फिरवायचो. पेन ड्राइव्हला घर दिसत नाही."

"आणि रात्री दहानंतर?"

"दहानंतर पोलिस. ते आम्हालाही होते, त्यांनाही आहेत." लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा 2000 सालचा नियम. मामांच्या मते बेंजोवाले तो पाळू शकायचे, कारण अँप बंद करून ढोल-ताशावर उरलेली वरात पोचवता यायची. डीजेची गाडी बंद झाली की वरात रस्त्यातच संपते.

मी शेवटी माझ्या मनातलं बोलले. मिल मध्यंतरी काही वर्षं बंद होती, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. तसं बेंजोचं होईल या आशेवर मी राहू शकत नाही. मामा वाजवतात तोवर मला ते नीट ध्वनिमुद्रित करायचं आहे. पुण्याहून चांगले माइक आणते. हरसूदच्या त्या बायकांची हळदीची चाल त्यांना येते, प्रल्हाद शिंद्यांच्या चाली त्यांनी कशा फिरवल्या ते येतं. एका शांत खोलीत, पंखा बंद करून, एकेक चाल.

"शांत खोलीत नाही वाजवणार."

"मामा, बाहेर गाड्यांचा आवाज येईल."

"येऊ दे. वरातीत यायचाच. जनरेटर असतो, कुणीतरी ओरडत असतं, ताशेवाला पुढं पळतो आणि त्याला मागं ओढायचं असतं. खोलीत बसून मी कुणाला बघून वाजवू? कुठलं घर यायचंय मला तिथं?"

मी म्हटलं, असं केलं तर बेंजो ऐकूच येणार नाही, ताशा सगळं खाऊन टाकेल. ते म्हणाले, मग माइक ताशापासून लांब बांध. मी म्हटलं, कुठं? ते म्हणाले, माझ्या अँपच्या मागं, डाव्या बाजूला, जिथं क्लॅरिनेटवाला उभा राहायचा. मी सांगितलं की तिथून अँपची गुणगुण सगळ्यांत जास्त येते. ते म्हणाले, गुणगुण असतेच, तो तिच्यातूनच ऐकायचा. एप्रिलमध्ये बऱ्हाणपूर रोडवरच्या एका लग्नाचा इसार एका जुन्या पार्टीने घेतला आहे, बेंजोला मामांना बोलावलंय. दोन माइक न्यायचे ठरलंय. एक त्यांच्या जागी, एक माझ्या. कुठला ठेवायचा यावर अजून बोलणं चालू आहे.